चौथा पत्रा कोरा ठेवणारे सर

आधी सगळ्यांची खुशाली विचारतो, मग लेखाला हात घालतो. डॉ. दिनकर पाटोदेकर सर, आपली तब्येत कशी आहे? पंचाहत्तरी आली म्हणून सकाळचं फिरणं सोडलं नसेल, अशी आशा करतो. सुमतीवहिनींचे गुडघे जिना चढू देतात का? रज्जाकभाई, म्हणजे सरांच्या शरीररचना विभागात सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या तयार करणारे आमचे जुने दोस्त, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असं ऐकतो. आता चहात साखर किती पडली ते दिसतं का? आणि या गौरवग्रंथाच्या संपादक मेघनाताई, आपण सरांच्या विद्यार्थिनी, आता स्वतः मोठ्या डॉक्टर. लेख गोळा करण्याच्या धांदलीत आपलं जेवण वेळेवर होतं ना? आम्ही उभयता इकडं मुकुंदवाडीत बरे आहोत. बरे म्हणजे, माझ्या हाताची एक तक्रार आहे, ती शेवटाला सांगतो.

ताईंनी फर्मावलं, "काका, सरांच्या कार्यावर लिहा." मी दुकानांचे बोर्ड रंगवणारा माणूस. गावच्या शाळेनं जेवढं दिलं तेवढं घेतलं, बाकीचं शिक्षण लोकांच्या पाट्या लिहिता लिहिता झालं. सरांचं कार्य मोठं आहे, ते त्यांचे डॉक्टर विद्यार्थी लिहितीलच. माझ्या वाट्याला सरांच्या विद्येतला एकच धडा आला: माणसाच्या शरीरातल्या ऊतींचे मुख्य प्रकार. ते चार आहेत. सरांनी मला ते चारही शिकवले, आणि आज विचाराल तर माझा दुसऱ्यापाशीच गोंधळ होतो. पण एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. सर भेटले नसते तर माझा उजवा हात गेला असता, आणि हाताच्या मागोमाग घरही बसलं असतं. तेवढंच लिहितो, गोड मानून घ्यावं.

आमची पहिली भेट शहरातल्या गारखेड्यात झाली. ती दुष्काळाची वर्षं होती. गावाकडच्या विहिरी तळाला गेल्या होत्या आणि शहर मात्र दुधासारखं उतू जात होतं. आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतो त्या तेव्हाच्या औरंगाबादेत रोज नवी कॉलनी, नवं दुकान. वाळूजला कारखाने उभे राहत होते, त्यांच्या फाटकांवर नावं लिहायची असत. आणि दुष्काळाचं म्हणून वेगळं काम होतं: टँकर. प्रत्येक टँकरच्या पोटावर "पिण्याचे पाणी" लिहायचं आणि खाली नंबर टाकायचा. पाणी नसलं की पेंटरला काम असतं, हे मला तेव्हा कळलं. त्याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे मात्र कळलं नाही.

मी शिडीवर चढून एका किराणा दुकानाचा बोर्ड लिहीत होतो. खाली एक गृहस्थ सायकल धरून उभे होते. बराच वेळ उभे. मला वाटलं, दुकानदाराचे सोयरे असतील.

"काय पाहता साहेब?" मी वरूनच विचारलं.

"तुमचा 'ण'," ते म्हणाले. "इतका सरळ दांडा मी छापलेला पाहिला नाही. पत्र्यावर चित्रं काढाल का?"

"कसली?"

"माणसाच्या आतली."

मी शिडीवरून खाली उतरलो. गृहस्थ डोक्यानं तर बरे दिसत होते.

सरांच्या मनात शाळकरी मुलांसाठी प्रदर्शन होतं. खेड्यातल्या मुलांना सूक्ष्मदर्शक कुठून दिसायचा? म्हणून त्यातून जे दिसतं ते पुरुषभर उंचीच्या चार पत्र्यांवर मराठी नावांसह मोठं करून काढायचं. अभिस्तर ऊती, संयोजी ऊती, स्नायू ऊती, चेता ऊती. एकेका प्रकाराला एकेक पत्रा. ही कल्पना त्यांच्या वरच्या साहेबांना फारशी पटली नव्हती, असं रज्जाकभाई मला नंतर हळूच म्हणाले.

पहिला पत्रा सोपा गेला. अभिस्तर म्हणजे शरीराचं अस्तर. बाहेरून कातडीचा वरचा थर, आतून तोंडाचं, पोटाचं, आतड्याचं आवरण. पेशी एकमेकीला खेटून, फरशी बसवल्यासारख्या. मधे फट नाही. पेंटरला असं काम आवडतं. सर म्हणाले, "भानुदासराव, उत्तम! शरीराचा गिलावा तुम्ही बरोबर लावलात."

दुसऱ्या पत्र्याला माझी बुद्धी अडखळली, ती अजून तिथंच बसली आहे. रज्जाकभाईंनी काचपट्टी लावून दिली, मी डोळा लावला. पाहतो तर काय, सगळं ओसाड! इथं एक पेशी, तिथं एक, मधे नुसते धागे आणि मोकळी जागा. मी मनाशी म्हटलं, काचपट्टी जुनी झाली असेल, पेशी गळून पडल्या असतील. आमच्या धंद्यात बोर्ड मोकळा सोडणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. पेंटरनं रंग वाचवला असं लोक म्हणतात. म्हणून मी इमानानं सगळी मोकळी जागा पेशींनी भरून काढली.

सर आले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"भानुदासराव, ही गर्दी कोणी केली?"

"सर, बोर्ड मोकळा दिसत होता."

सर मटकन स्टुलावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. रज्जाकभाईंनी पत्र्याकडं पाहून मान हलवली. "क्या पेंटरसाब, तुमने तो खुल्ले मैदान में पूरी बस्ती बसा दिये! नल कनेक्शन बी दे देते."

मग सरांनी समजावलं. या ऊतीत पेशी थोड्या आणि त्यांच्यामधला पदार्थ फार. त्या मधल्या पदार्थावरच हिचं काम चालतं. एकाला दुसऱ्याशी बांधायचं, आधार द्यायचा. मी पत्रा खरवडून पुन्हा रंगवला. पण पुढं सर म्हणाले की हाडं याच घरातली, चरबी याच घरातली, आणि रक्तही याच घरातलं.

"रक्त?" मी म्हणालो. "सर, रक्त वाहतं. वाहणाऱ्याला ऊती कसं म्हणायचं?"

"पेशी आहेत, मधला पदार्थ आहे. हाडात तो कडक, रक्तात पातळ. एवढाच फरक."

"म्हणजे हाड आणि रक्त भाऊबंद?"

"भाऊबंदच."

आमच्या गावाकडं भाऊबंद एका बांधावर उभे राहत नाहीत, आणि इथं हाड, चरबी, रक्त एका पत्र्यावर! सरांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं, एकदाही आवाज चढवला नाही. समजलं असं मी म्हटलं. खरं म्हणजे सरांचा चहा गार होईल म्हणून म्हटलं.

आता माझ्या हाताकडं येतो. त्या दिवसांत माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं होतं. आधी नुसत्या मुंग्या. मग ब्रश हातातून निसटायला लागला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसाचा उंचवटा बसत चालला, तिथं खड्डा पडला. ज्या हातानं सरळ दांडे काढले, त्या हातानं शर्टाचं बटण लागेना.

कोणाला दाखवलं नाही. उलट एक विचित्र खेळ मनाशी सुरू झाला. ज्या दिवशी जो पत्रा रंगवीन, त्या दिवशी मला वाटे की रोग त्याच ऊतीत आहे. अस्तराचं काम चालू होतं तेव्हा म्हटलं, कातडी मेली असेल, खोबरेल चोळलं. संयोजीवर आलो तेव्हा म्हटलं, हाडाचे बंध सैल झाले. मालिश करणाऱ्याकडून हात ओढून घेतला आणि ओरडलो. स्नायूंचा पत्रा घेतला तशी खात्रीच पटली. मांस आटलं ते डोळ्यांना दिसत होतं, मग दुसरं काय असणार? रंगाचे भरलेले डबे त्याच हातानं उचलायला लागलो, स्नायूला ताकद यावी म्हणून. हात आणखी ढिला पडला. चेता ऊतीचा पत्रा अजून कोरा होता, म्हणून तिच्यावर संशय घ्यायचं सुचलंच नाही.

आणि या सगळ्याखाली एक भीती होती, तिचं नाव मी तोंडातून काढत नव्हतो. आमच्या लहानपणी गावाबाहेर एक माणूस राहायचा. त्याची बोटं अशीच वाकली होती, आणि त्याला चटका कळत नसे. महारोग. मी घरात माझं ताट वेगळं काढलं, पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला. लेकीला जवळ घेईना. कारण मात्र सांगितलं नाही. आमच्या मंडळी, कौसल्याबाई, यांनी त्याचा अर्थ निराळाच लावला. काही दिवस नुसती भांडी आपटली, मग एकदा म्हणाल्या, "माझ्या हातचं ग्वाड लागत नाय का आता? लई शिकल्याल्या लोकांत बसता उठता म्हनून?"

स्नायूंच्या पत्र्यावर सरांनी मला पकडलं. हाडांना धरलेल्या स्नायूंवर बारीक आडवे पट्टे असतात. आतड्याच्या भिंतीतले स्नायू बिनपट्ट्यांचे, आणि हृदयाचे पट्टे असलेले पण फांद्या फुटलेले. मी काढलेले पट्टे पावसात भिजलेल्या अक्षरांसारखे वळवळत होते. सर पत्र्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. सरांनी रज्जाकभाईंना चहा आणायला पाठवलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "हात दाखवा."

"सर, जरा थकवा..."

"हात दाखवा, भानुदासराव."

त्यांनी डोळे मिटायला सांगून टाचणीचं टोक आणि कापूस आलटून पालटून लावला. अंगठा आणि बोट यांच्यात कागद धरायला लावून तो ओढला. कागद सहज निसटला. कोपराच्या मागच्या खाचेत बोट फिरवलं, तशी करंगळीपर्यंत वीज गेली. मग सदरा काढायला लावून पाठ, दंड, सगळं बारकाईनं पाहिलं. मला समजलं ते काय शोधत आहेत.

"सर, तोच आहे का?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, छे, भलतंच काय मनात आणता! सरांनी तसं केलं नाही. ते म्हणाले, "चट्टा दिसत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण तुमच्या मनातली शंका मलाही तपासून घ्यावी लागेल. आणि तो निघालाच तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. मी शिकवणारा डॉक्टर. औषध देणाऱ्याकडं आपण दोघं जाऊ." दुसऱ्या दिवशी मित्राची स्कूटर मागून सरांनी मला मागं बसवलं आणि स्वतः तपासणीला नेलं. रांगेत माझ्या शेजारी बाकावर बसले. त्यांचे दोन विद्यार्थी समोरून गेले, त्यांनी नमस्कार केला. सरांनी तिथूनच नमस्कार घेतला, जागचे हलले नाहीत.

तपासणीचा निकाल यायला वेळ होता. त्या मधल्या दिवसांत एका दुपारी सर आमच्या मुकुंदवाडीच्या खोलीत आले. म्हणाले, "रेल्वे स्टेशनकडं काम होतं." मुकुंदवाडीच्या त्या एवढ्याशा स्टेशनात प्राध्यापकाचं काय काम असणार! कौसल्याबाईंना म्हणाले, "वहिनी, भाकरी आहे का? भूक लागली." त्यांनी दोन ताटं मांडली, माझं नेहमीप्रमाणं लांब कोपऱ्यात. सरांनी माझं ताट ओढून आपल्या ताटाला लावलं आणि माझ्याच वाटीत भाकरी बुडवली. मग मला म्हणाले, "तुम्ही सांगता का मी सांगू?"

मी सांगितलं. कौसल्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "व्हय? एवढंच? म्या म्हनलं ह्यांनी दुसरी बघितली!"

सरांना ठसका लागला. पाणी प्यायले ते माझ्याच तांब्यातून.

निकाल चांगला आला. तो रोग नव्हता. नसांच्या डॉक्टरांनी सांगितलं की कोपरापाशी नस दबते आहे. पण कशानं दबते? मी म्हणालो, मला कधी मार लागला नाही. डॉक्टर म्हणाले, आठवून बघा. मी पुष्कळ आठवलं. काही सापडेना. पुन्हा गोंधळ.

तेव्हा सर सुटीच्या दिवशी मी काम करत होतो तिथं आले. टँकरचा नंबर लिहायचा होता. पुन्हा तेच, सायकल धरून खाली उभे. फार वेळ नाही लागला.

"उतरा," ते ओरडले. "चोर सापडला."

शहर वाढलं तसे बोर्ड उंच गेले होते, म्हणून मी हौसेनं लोखंडी शिडी केली होती. जुन्या बांबूच्या शिडीच्या पायऱ्या गोल. नवीच्या पायऱ्या अँगलच्या, धारेच्या. हात थरथरू नये म्हणून मी उजवं कोपर पायरीवर टेकवूनच लिहीत असे. टँकरवर तर त्याच्या लोखंडी काठावर कोपर रुतवून दिवसचा दिवस. ज्या टेकूनं माझी अक्षरं सरळ येत होती, तोच टेकू नस दाबत होता.

सरांनी तिथंच मातीत काडीनं काढून दाखवलं. चेता ऊतीची पेशी म्हणजे एक डोकं आणि त्याला लांबच लांब शेपूट. मानेपाशी निघालेले असे धागे कोपराच्या खाचेतून बोटापर्यंत जातात. मधे दाब पडला की बोटाची खबर वर जात नाही, आणि वरचा हुकूम खाली येत नाही. हुकूम येईना म्हणून मांस वाळतं. मांसाचा दोष काही नाही. मी म्हटलं, हे मात्र समजलं सर. घरचा नळ कोरडा पडला की आपण तोटी बदलतो, आणि पाइप फुटलेला असतो पार तिकडं. "बरोबर," सर म्हणाले, "फक्त हा पाइप शिवायला नको. दाब काढा, तो आपला आपण सुधारेल. पण सावकाश." काही महिने शिडी बंद, टेकू बंद, झोपताना कोपराला टॉवेल गुंडाळायचा.

हात बंद म्हणजे काम बंद. आणि प्रदर्शन तोंडावर आलेलं, चौथा पत्रा तसाच. वरचे साहेब म्हणाले, दुसरा पेंटर आणा, शहरात पेंटरांचा दुष्काळ आहे का? सर म्हणाले, "हा पत्रा भानुदासरावच रंगवतील." यावर बरीच वादावादी झाली, असं रज्जाकभाई सांगतात. शेवटी सरांनी पांढरा प्रायमर मारलेला कोरा पत्रा तसाच टांगला. वर स्वतःच्या हातानं "चेता ऊती" असं लिहिलं. सरांचं अक्षर म्हणजे, या ग्रंथात खोटं कसं लिहू, कोंबडीचे पाय. मुलं यायची, तीन पत्रे पाहायची आणि चौथ्यापाशी थांबायची.

"सर, हा रिकामा का?"

"याचा पेंटर आजारी आहे," सर सांगत, "आणि त्याचा आजार याच ऊतीचा आहे." मग प्रत्येक मुलाला स्वतःच्या कोपराची खाच चाचपायला लावत. रज्जाकभाई म्हणतात, सगळ्यात जास्त गर्दी त्या कोऱ्या पत्र्यासमोर. मुलं कोपरं दाबत, ओरडत आणि हसत होती. मी कोपऱ्यात उभा राहून पाहत होतो. माझी लाज वाटावी की अभिमान, ते तेव्हा ठरलं नाही, अजून नाही.

पुढच्या हिवाळ्यात बोटांत जीव यायला लागला. पहिला ब्रश धरला तो त्या चौथ्या पत्र्यावर. त्या पेशीचं शेपूट मी एका दमात, टेकू न घेता काढलं. सर मागं उभे होते. रज्जाकभाई म्हणाले, "अब आया पेंटर लाइन पे."

सरांच्या विद्वत्तेबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. ज्या माणसानं मला चार प्रकार शिकवायला इतका वेळ घालवला, आणि मी शिकलो नाही तरी जे कधी चिडले नाहीत, त्यांना मी गुरू मानतो. त्यानंतरची सगळी वर्षं माझ्या घरची चूल याच हातावर पेटली. लेकीचं शिक्षण, लग्न याच हातावर झालं. सर, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, डोळे, गुडघे, कान शाबूत राहोत, आणि आपला आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता तसाच पोचत राहो. ही प्रार्थना अगदी मनापासून आहे. तिच्यात माझा थोडा स्वार्थही आहे, तो आता सांगतो.

महिना झाला असेल, डाव्या हाताची तीच दोन बोटं बधिर होतात. उजवा ठीक आहे. शिडी तर फ्लेक्सचे बोर्ड आले तेव्हाच मोडीत घातली. टेकू नाही, टँकर नाही. मग आता दाबतंय कोण? कौसल्याबाई म्हणतात, "लेकीचा फोन डाव्या कानाला लावून, कोपर दुमडून तास तास बसता, दुसरं काय व्हनार!" मी म्हणतो, फोनला काय वजन असतं? त्या म्हणतात, वजनाचं नाय, दुमडण्याचं. आमचं यावर रोज वाजतं. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत आणि मी चार पत्रे रंगवलेले, तरी मला माझ्या म्हणण्याची खात्री वाटत नाही.

सर, ग्रंथ छापून यायला वेळ लागेल. तोवर थांबू नका. मी येऊन दाखवू का, की हा नुसता म्हातारपणाचा थकवा आहे? की बाईंचंच खरं? मेघनाताई, हा भाग सरांना आधी वाचून दाखवा. खरं काय ते लिहा, मन राखू नका. पण लवकर लिहा.

भानुदास पेंटर, मुकुंदवाडी